डिस्को : एका ठेक्याचा उदय, अस्त आणि वारसा

मराठी बोलीत ‘डिस्को’ हा शब्द गेल्या चार दशकांत इतका रुळला आहे, की त्याचे परकेपण आता कोणाला जाणवत नाही. नवरात्रात ‘डिस्को दांडिया’ रंगतो, वरातीतल्या बँडला ‘डिस्को वाजवा’ असे फर्मावले जाते आणि चकचकीत कपडे घालणाऱ्याला थट्टेने हेच विशेषण चिकटते. या शब्दामागे मात्र मोठा सामाजिक इतिहास उभा आहे. ज्यांना समाजाने दाराबाहेर ठेवले होते, त्यांनी स्वतःसाठी निर्माण केलेले हे संगीत काही वर्षांत जगाचे झाले, तितक्याच वेगाने हिणवले गेले आणि मृत घोषित झाल्यावरही नाव बदलून जगत राहिले. किनाऱ्यावरच्या रात्रींसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या गोव्यालाही या इतिहासाचा एक धागा येऊन भिडतो.

शब्दाचे मूळ फ्रेंच आहे. ग्रंथालयाला फ्रेंचमध्ये ‘बिब्लिओथेक’ म्हणतात. त्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहासाठी ‘डिस्कोथेक’ हा शब्द घडला. पुढे पॅरिसमध्ये वादकांच्या ताफ्याऐवजी तबकड्या लावून जेथे नृत्य चाले, त्या जागांना हे नाव पडले. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत पोहोचले आणि १९७० च्या दशकात, संक्षिप्त होऊन, एका संगीतप्रकाराचेच नाव बनले. जागेच्या नावावरून संगीताला नाव मिळावे, ही गोष्टच या प्रकाराचे वेगळेपण सांगते. डिस्कोचा जन्म रंगमंचावर झाला नाही. तो नृत्यगृहाच्या जमिनीवर झाला.

ठेक्याची घडण

डिस्कोचा प्राण त्याच्या ठेक्यात आहे. केरव्यासारख्या आपल्या तालात सम आणि खाली यांचा लपंडाव असतो. डिस्कोत मात्र चार मात्रांच्या आवर्तनातील प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा सारखाच आघात पडतो. दोन आघातांच्या मधल्या अर्ध्या मात्रेवर झांजांची जोडी क्षणभर उघडून मिटते आणि तिच्या सळसळीमुळे त्या एकसुरी आघाताला पुढे ओढणारी गती मिळते. मिनिटाला साधारण ११० ते १३० मात्रा अशी ही लय असते. त्यावर सप्तकाच्या उड्या घेणारी बास गिटार, तुटक वाजणारी ताल गिटार, व्हायोलिनांचा मोठा समूह आणि तुताऱ्या यांची आरास चढते; आणि या सर्वांवर, बहुधा चर्चमधील गॉस्पेल गायनात तयार झालेला, मोकळा आवाज.

या घडणीचा परिणाम सामाजिकही होता. आघात इतका स्पष्ट, की पाय कोठे टाकावा हे शिकावे लागत नाही. जोडीदाराची अट नाही. एकट्याने, घोळक्याने, अनोळखी माणसाशेजारीही नाचता येते. जुन्या जोडीनृत्यांत पुरुषाने स्त्रीला नृत्यासाठी विचारण्याचा जो संकेत होता, तो येथे गळून पडला.

न्यूयॉर्कमधील उगम

१९६० च्या दशकाअखेर न्यूयॉर्कमध्ये समलिंगी पुरुषांना एकत्र नाचणे उघडपणे शक्य नव्हते. त्यांच्या गुत्त्यांवर पोलिसांच्या धाडी नित्याच्या होत्या. २८ जून १९६९ च्या पहाटे ग्रिनिच व्हिलेजमधील ‘स्टोनवॉल इन’ येथे अशीच धाड पडली, तेव्हा जमावाने प्रतिकार केला आणि पुढे कित्येक दिवस संघर्ष धुमसत राहिला. त्या उद्रेकानंतरच्या काही महिन्यांत जी नवी मोकळीक जाणवू लागली, तिच्यात डिस्कोची बीजे रुजली.

१४ फेब्रुवारी १९७० रोजी डेव्हिड मँकुसो यांनी मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत नृत्यसभा भरवली. पूर्वी गोदामासारखी वापरली जाणारी ही जागा ‘लॉफ्ट’ या नावाने ओळखली गेली. प्रवेश केवळ निमंत्रितांना असे आणि मद्यविक्री नसे. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, गोरे, स्त्रिया, समलिंगी, श्रीमंत आणि कफल्लक असे सारे तेथे एकाच फरशीवर नाचत. मँकुसो यांचा भर उत्तम ध्वनियंत्रणेवर आणि रात्रभराच्या संगीताला कथेसारखा चढउतार देण्यावर होता. त्याच सुमारास ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो यांनी दोन तबकड्यांचे ठेके जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात खंड न पडता जाण्याचे कसब विकसित केले. केवळ तबकडी बदलणारा माणूस येथून पुढे कलाकार ठरला. आज ज्याला ‘डीजे’ म्हणतात, त्याचा हा आरंभ.

या मंडळींची शोधक वृत्ती दांडगी होती. कॅमेरूनचे सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो यांची ‘सोल मकोसा’ ही तबकडी मँकुसो यांना ब्रुकलिनमधील एका दुकानात सापडली. नृत्यगृहात ती इतकी गाजली, की रेडिओने दखल घेण्यापूर्वीच तिला मागणी आली आणि १९७३ मध्ये ती अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत शिरली. मुंबईत जन्मलेल्या गायिका आशा पुथली यांचे १९७६ च्या संग्रहातील ‘स्पेस टॉक’ हे गीतही ‘लॉफ्ट’मध्ये आवडीने वाजवले जाई. डिस्कोच्या आद्य नृत्यगृहात एका भारतीय स्त्रीचा आवाज घुमत होता, ही बाब आपल्याकडे फारशी माहीत नाही.

फिलाडेल्फियाचा वाद्यमेळ आणि बारा इंची तबकडी

संगीताच्या अंगाने डिस्कोचे माहेर फिलाडेल्फिया मानावे लागेल. केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१ मध्ये तेथे स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. सिग्मा साउंड या स्टुडिओतील त्यांच्या वादकांनी सोल संगीताला व्हायोलिन आणि तुताऱ्यांचा भरजरी साज दिला. त्यांच्यातील ड्रमवादक अर्ल यंग यांनी १९७३ मध्ये हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गीतात चारही मात्रांवरील आघात आणि उघडमीट करणारी झांज यांचा जो मेळ घातला, तो पुढे डिस्कोचा प्रमाण ठेका झाला.

नृत्यगृहाच्या गरजेतून तंत्रातही बदल घडले. त्या काळची सात इंची तबकडी साधारण तीन-चार मिनिटांत संपे. नाचणाऱ्यांना तेवढे पुरत नसे. टॉम मोल्टन यांनी गाण्याचे भाग सुटे करून, ठेक्याचा विराम लांबवून त्यांची दीर्घ रूपे सिद्ध केली. १९७५ मध्ये ग्लोरिया गेनर यांच्या संग्रहाची संपूर्ण एक बाजू त्यांनी तीन गाणी अखंड जोडून तयार केली. एकदा चाचणीसाठी सात इंची कोऱ्या चकत्या शिल्लक नव्हत्या, म्हणून त्यांनी मोठ्या चकतीवर गाणे कोरून घेतले. चरे विरळ पडल्याने आवाज अधिक भरदार आणि खर्ज अधिक खोल उमटला. या योगायोगातून बारा इंची एकल तबकडी अवतरली. १९७६ मध्ये ‘डबल एक्सपोजर’ या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गीत वॉल्टर गिबन्स यांच्या नव्या बांधणीत अशा स्वरूपात बाजारात आले. आज ज्याला ‘रिमिक्स’ म्हणतात, त्या कलेचा पाया येथे घातला गेला.

युरोपनेही आपला वाटा उचलला. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी अमेरिकी गायिका डोना समर यांच्यासाठी १९७७ मध्ये ‘आय फील लव्ह’ घडवले. त्यात व्हायोलिनांचा समूह नव्हता. जवळजवळ सारे संगीत मूग सिंथेसायझरवर रचलेले होते. यंत्राची अचूक, अविरत स्पंदने आणि त्यांवर तरंगणारा मानवी आवाज हा मेळ तेव्हा कोणी ऐकला नव्हता. पुढील चार दशकांच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची वाट या एका गीतातून निघते, असे मानले जाते. स्वीडनचा ‘अ‍ॅबा’ आणि जर्मनीत फ्रँक फारियान यांनी उभा केलेला ‘बोनी एम’ हे गट याच लाटेवर जगभर पोहोचले; ‘बोनी एम’ने तर डिसेंबर १९७८ मध्ये मॉस्कोत कार्यक्रम केले.

लाट आणि बाजार

जुलै १९७४ मध्ये ‘रॉक द बोट’ आणि ‘रॉक युअर बेबी’ ही गीते लागोपाठ अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी आली, तेव्हा संगीत उद्योगाचे डोळे उघडले. डिसेंबर १९७७ मध्ये ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ हा चित्रपट झळकला. ब्रुकलिनमधील रंगाच्या दुकानात काम करणारा आणि शनिवारी रात्री नृत्यगृहाचा राजा होणारा तरुण जॉन ट्रॅव्होल्टा यांनी साकारला. ‘बी जीज’ या बंधूंच्या गीतांचा संग्रह २४ आठवडे अग्रस्थानी राहिला आणि ‘ग्रॅमी’चा वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा मानही त्याला मिळाला. चित्रपट ज्या मासिक-लेखावर बेतला होता, तो बव्हंशी कल्पित असल्याची कबुली लेखक निक कोन यांनी बऱ्याच वर्षांनी दिली. अशा रीतीने डिस्कोचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा गोऱ्या तरुणाचा झाला आणि ज्या कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी व समलिंगी समुदायांनी तो घडवला, ते पडद्याआड गेले.

एप्रिल १९७७ मध्ये मॅनहॅटनच्या ५४ व्या रस्त्यावर एका जुन्या नाट्यगृहात ‘स्टुडिओ ५४’ सुरू झाला. दारात कोणाला आत घ्यायचे हे मालक ठरवत आणि बाहेर गर्दी ताटकळत उभी राहे. ‘लॉफ्ट’चे दार ज्यांना अन्यत्र प्रवेश नाही त्यांच्यासाठी होते, येथील दार निवड करण्यासाठी होते. १९७७ च्या वर्षाअखेरच्या रात्री ‘शिक’ या गटाचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनाही तेथे प्रवेश नाकारला गेला. घरी परतून त्यांनी संतापाच्या भरात जी चाल बांधली, तिचे ‘ल फ्रीक’ हे गीत झाले आणि १९७८ मध्ये ते अग्रस्थानी पोहोचले. ‘स्टुडिओ ५४’च्या मालकांना पुढे करचुकवेगिरीबद्दल तुरुंगवास घडला.

याच काळातील ग्लोरिया गेनर यांचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हे गीत मुळात तबकडीच्या दुय्यम बाजूवर होते. नृत्यगृहांतील डीजेंनी तबकडी उलटून ते लोकांपर्यंत नेले. ‘ग्रॅमी’ने १९८० मध्ये सर्वोत्तम डिस्को ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार केवळ एकदाच दिला, तो या गीताला. पुरस्कार सुरू होईपर्यंत उद्योगाने डिस्कोकडे पाठ फिरवली होती.

शिकागोतील ती रात्र

१९७८-७९ मध्ये अमेरिकेत डिस्कोचा अतिरेक झाला, हे नाकारता येत नाही. रेडिओ केंद्रे रातोरात आपले धोरण बदलत होती, आणि ज्याला त्याला डिस्कोची एक तरी तबकडी काढायची होती. शिकागोत एका केंद्राने डिस्को स्वीकारल्यावर नोकरी गमावलेले निवेदक स्टीव्ह डाल यांनी दुसऱ्या केंद्रावरून डिस्कोविरोधी मोहीम चालवली. १२ जुलै १९७९ रोजी कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोची तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटमध्ये प्रवेश ठेवण्यात आला. सुमारे ५० हजार लोक जमले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत गोळा झालेल्या तबकड्या स्फोटकांनी उडवण्यात आल्या. त्याबरोबर हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, जाळपोळ झाली, ३९ जणांना अटक झाली आणि यजमान ‘व्हाइट सॉक्स’ संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला.

आयोजकांनी हा केवळ संगीताच्या आवडीनिवडीचा प्रश्न असल्याचे सांगितले. तथापि, त्या रात्री मैदानात द्वारपालाचे काम करणारे कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स यांनी पुढे सांगितले, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या अनेक कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही होत्या. रोष नेमका कशावर होता, याचा विचार या निरीक्षणाशिवाय पुरा होत नाही. जुलैमध्ये यादीत वरचढ असलेला डिस्को सप्टेंबरअखेर पहिल्या दहांतून जवळजवळ नाहीसा झाला. १९८१ पासून एड्सच्या साथीने नृत्यगृहांच्या या जगावर आणखी एक घाला घातला. सॅन फ्रान्सिस्कोचे गायक सिल्व्हेस्टर यांच्यासारखे अनेक कलावंत त्यात गेले.

भारतातील दुसरा जन्म

अमेरिकेत डिस्को ओसरत असतानाच भारतात तो फुलत होता. त्याचे एक कारण म्हणजे बंगळुरूहून इंग्लंडला गेलेले संगीतकार बिद्दू. १९७४ मध्ये कार्ल डग्लस यांच्या ‘कुंग फू फायटिंग’ या जगभर गाजलेल्या गीताची निर्मिती त्यांनीच केली होती. १९८० मध्ये फिरोझ खान यांच्या ‘कुर्बानी’साठी त्यांनी ‘आप जैसा कोई’ हे गीत बांधले आणि लंडनमध्ये राहणाऱ्या नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीकडून गाऊन घेतले. १९८१ चा ‘डिस्को दीवाने’ हा तिचा संग्रह सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच खपला. चित्रपटाबाहेरचे गीतही लोकप्रिय होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले.

१९८० च्याच ‘कर्ज’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी डिस्कोची झळाळी हिंदी गीतात आणली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला हा वाद्यमेळ परका वाटला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी गोमंतकीय वादकांना जाते. व्हायोलिन, तुतारी आणि पाश्चात्त्य स्वरलेखन यांत तयार असलेल्या या वादकांनी आधीच्या तीन-चार दशकांत तेथील वाद्यवृंद उभा केला होता. स्वतः प्यारेलाल हे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते.

डिसेंबर १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. बप्पी लाहिरी यांचे संगीत आणि मिथुन चक्रवर्ती यांचे नृत्य यांनी डिस्कोला गरिबाघरच्या मुलाच्या जिद्दीची कथा दिली. त्यातील काही चाली युरोपीय गीतांवरून बेतलेल्या होत्या, हेही नोंदवायला हवे. सोव्हिएत संघात १९८४ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची सुमारे ६ कोटी तिकिटे खपली. दुसरीकडे बाबला यांच्या वाद्यवृंदाने ‘डिस्को दांडिया’ लोकप्रिय केला आणि बडोद्यापासून मुंबईपर्यंतच्या गरब्याचा नूर बदलला.

याच सुमारास चित्रपटांत वाद्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. भैरव, ललित, मालकंस, यमन असे राग त्यांनी नव्या जपानी यंत्रांवर वाजवले. त्या वेळी तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे शिकागोत तशाच यंत्रांतून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा प्रकार निघाला आणि २०१० मध्ये तबकडीचे पुनर्मुद्रण झाल्यावर जगाला या वृद्ध वादकाचा शोध लागला.

मृत्यूनंतरचे आयुष्य

डिस्को संपला असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याची संतती वाढत होती. ‘शिक’च्या ‘गुड टाइम्स’ची बास-चाल १९७९ मध्येच ‘रॅपर्स डिलाइट’ या गीतात उतरली आणि हिपहॉपला पहिले मोठे यश मिळाले. तिचाच प्रभाव ‘क्वीन’ या गटाच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’वर दिसतो, या गटाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले होते. शिकागोच्या ‘वेअरहाउस’ नृत्यगृहात फ्रँकी नकल्स जुन्या डिस्को तबकड्यांना यंत्राच्या ठेक्याची जोड देत होते. त्या जागेच्या नावावरून ‘हाउस’ संगीताला नाव मिळाले. ज्या शहरात तबकड्या फोडल्या, तेथेच हा प्रकार जन्मला. १९८४ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्यांपैकी एक तयार करण्यात हात होता तो व्हिन्स लॉरेन्स यांचा, म्हणजे त्या मैदानावरच्या द्वारपालाचा.

हाउस, टेक्नो, ट्रान्स अशी ही वंशवेल हणजुणेच्या किनाऱ्यापर्यंत येते. १९७० च्या दशकात तेथे हिप्पींच्या जमावात रॉक संगीत वाजे. १९८० च्या दशकात कॅसेटवरून इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत वाजू लागले आणि १९९० च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार राज्याचे नाव घेऊन जगभर गेला. २००७ मध्ये कांदोळीत ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला आणि या संगीताचे मोठ्या उद्योगात रूपांतर झाले. त्यातून रोजगार आला, तसे प्रश्नही आले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांना मर्यादा घालणारे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आणि किनारी गावांची झोपमोड यांवरचा वाद गोव्याला नवा नाही.

डिस्कोच्या इतिहासातून या वादाकडे पाहण्याची एक दृष्टी मिळते. ‘लॉफ्ट’ टिकला तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, गरिबांचे, वेगळ्यांचे स्थान राखून; ‘स्टुडिओ ५४’ तीन वर्षांत कोसळला. ठेका तोच होता. दार कोणासाठी उघडते, यात फरक होता. किनाऱ्यावरच्या नृत्याचा लाभ कोणाला, त्याचा त्रास कोणाला आणि त्या फरशीवर गावच्या माणसाला जागा आहे काय, हा प्रश्न येथेही तोच आहे.

‘आय विल सर्व्हाइव्ह’ आणि ‘आय फील लव्ह’ ही गीते आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत जतन केली आहेत. २०१३ मध्ये ‘डाफ्ट पंक’ने नाइल रॉजर्स यांच्यासह केलेले ‘गेट लकी’ आणि २०२२ मधील बियॉन्सेचा ‘रेनेसान्स’ संग्रह यांनी नव्या पिढीला तो ठेका पुन्हा ऐकवला. बंद पडलेल्या हृदयावर दाब देण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांना मिनिटाला १०० ते १२० दाबांची लय लक्षात राहावी, म्हणून ‘बी जीज’चे ‘स्टेइंग अलाइव्ह’ मनात म्हणायला सांगितले जाते. चार दशकांपूर्वी मृत ठरवलेल्या संगीताचा ठेका आज माणसे वाचवण्याच्या कामी येतो आहे.